बिल्ड हिरवा, टेस्ट टॅब रिकामा, कव्हरेज शून्य: नेमकं कुठं अडतं

"पाइपलाइन हिरवी आहे, टेस्ट पण रन झाल्यात, लॉगमध्ये सगळ्या पास दिसतायत, मग टेस्टच्या टॅबवर काहीच का नाही?" हा प्रश्न टीममध्ये थोड्या थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतंच. (पाइपलाइन म्हणजे कोड पुश केला की बिल्ड, टेस्ट वगैरे आपोआप चालवणारी साखळी.) कधी तो वेगळ्या वेषात येतो, म्हणजे कव्हरेजचा (टेस्टमध्ये कोडचा किती भाग चालला त्या टक्क्याचा) टॅबच उगवत नाही, किंवा उगवतो पण शून्य टक्के, किंवा टेस्ट आठशे आहेत आणि रिपोर्टमध्ये दीडशेच, किंवा काल सगळं व्यवस्थित होतं आणि आज कुणी कोडला हात न लावता आकडा धाडकन खाली आला. एकदा निस्तरलं म्हणून गप्प बसावं तर नवीन सर्व्हिस येते, जुनी पाइपलाइन कॉपी-पेस्ट होते, की पुन्हा तेच. म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहून टाकतोय.

अशा वेळी लोक पहिलं काय करतात तर यॅमल, म्हणजे पाइपलाइनची सेटिंग फाइल, उघडतात. पाथमध्ये एक स्टार वाढवला, कमिट, पुश, बिल्ड संपेपर्यंत थांब, परत रिकामं, मग आणखी एक स्टार. कमिट हिस्ट्रीत "फिक्स पाइपलाइन", "फिक्स पाइपलाइन अगेन", "प्लीज वर्क" अशी रांग लागते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. कारण घोळ बहुतेक वेळा पब्लिश करणाऱ्या स्टेपमध्ये नसतोच, जी फाइल पब्लिश व्हायची तिच्यात असतो. ती तयारच झालेली नाही, किंवा झालीये पण दुसरीकडे, किंवा कालची आहे, किंवा आहे आजचीच पण आतले पाथ भलतेच आहेत.

सीआय सर्व्हरला (पाइपलाइन चालवणाऱ्या सर्व्हरला) तुमच्या टेस्टबद्दल स्वतःहून काडीची माहिती नसते हे आधी डोक्यात पक्कं करा. टेस्ट रनर एक फाइल लिहितो, पब्लिशवाली स्टेप ती शोधून वर पाठवते, आणि स्क्रीन ती वाचून रंगवते. तीन वेगवेगळे तुकडे, तिघांनी वेगवेगळे लिहिलेले, आणि त्यांच्यात करार काय तर एक एक्सएमएल. ज्याला आपण सगळे जेयुनिट फॉरमॅट म्हणतो तो जावाच्या ॲन्ट नावाच्या बिल्ड टूलमधून पसरला, त्याचं अधिकृत स्टँडर्ड असं कधी झालंच नाही, त्यामुळे जो तो आपापल्या परीने लिहितो. कव्हरेजचं पण तसंच, कोबर्टुरा हे मुळात जावाचं टूल, आता ते टूल म्हणून फारसं कुणी वापरत नाही, पण त्याचा एक्सएमएल मात्र डॉटनेट, पायथन, जावास्क्रिप्ट सगळीकडे चालतो. गंमत आहे, टूल गेलं आणि फॉरमॅट राहिला.

आधी फाइल बघा, मग यॅमल

टेस्टची स्टेप आणि पब्लिशची स्टेप यांच्या मध्ये एक तात्पुरती स्टेप टाका. एजंट (बिल्ड जिथे चालतो ती मशीन) लिनक्सचा असेल तर फाइंड कमांडने वर्कस्पेसमधल्या (अझ्युअरवर एजंटच्या टेंप डिरेक्टरीतल्याही) सगळ्या एक्सएमएल आणि टीआरएक्स (डॉटनेटच्या टेस्ट निकालांच्या) फाइल्स साइझ आणि वेळेसकट छापा, आणि त्यातल्या कव्हरेजच्या फाइलच्या पहिल्या वीसेक ओळी हेड कमांडने लॉगमध्ये ओता. विंडोज एजंट असेल तर पॉवरशेलमध्ये तेच. एवढंच. या एका स्टेपने निम्म्याहून जास्त केसेस तिथल्या तिथे मिटतात, कारण चारपैकी काहीतरी एक दिसतं. फाइलच नाही म्हणजे रनरला रिपोर्ट काढायला सांगितलेलंच नाहीये. फाइल आहे पण शून्य बाइटची म्हणजे रनर मध्येच मेला. फाइल आहे पण वेळ जुनी म्हणजे मागच्या बिल्डची उरलेली. आणि फाइल ताजी आहे, भरलेली आहे, तरी टॅब रिकामा म्हणजे मग आता खुशाल यॅमलकडे वळा. ही स्टेप टेस्ट फेल झाल्या तरी चालेल अशी कंडिशन लावायला विसरू नका, नाहीतर नेमकी गरज असते तेव्हाच ती स्किप होते.

डॉटनेट आणि अझ्युअर डेवऑप्स: सगळ्यात जास्त डोकं इथे खाल्लं जातं

अझ्युअर पाइपलाइनमध्ये डॉटनेट कोअरचा जो तयार टास्क आहे त्यात कमांड म्हणून टेस्ट निवडली की तो आपणहून दोन गोष्टी जोडतो, एक टीआरएक्स लॉगर आणि दुसरं रिझल्टचं फोल्डर, जे एजंटच्या टेंप डिरेक्टरीत असतं. मग टेस्ट झाल्या की निकाल स्वतःच पब्लिश पण करतो, त्यासाठीचा पब्लिश टेस्ट रिझल्ट्स हा पर्याय मुळातच चालू असतो. हे ज्याला माहीत नाही तो पुढे वेगळा पब्लिश टेस्ट रिझल्ट्सचा टास्क टाकतो, तो टास्क शोधतो वर्किंग डिरेक्टरीत, तेही डिफॉल्ट जेयुनिट फॉरमॅट धरून टेस्ट-डॅशने सुरू होणाऱ्या एक्सएमएल फाइल्स, आणि मग पिवळी वॉर्निंग येते की 'नो टेस्ट रिझल्ट फाइल्स मॅचिंग' अमुक तमुक 'वेअर फाउंड'. काखेत कळसा गावाला वळसा. वॉर्निंग बघून माणूस घाबरतो, खरं तर निकाल आधीच पब्लिश झालेले असतात. मग कुणीतरी जुगाड करून फोल्डर बदलतो, आणि आता तेच निकाल दोनदा पब्लिश होऊन टेस्टची संख्या दुप्पट दिसायला लागते. तेव्हा एकतर टास्कलाच पब्लिश करू द्या आणि वेगळा टास्क काढून टाका, किंवा तो पर्याय फॉल्स करून लॉगर आणि फोल्डर दोन्ही स्वतः द्या. अर्धं इकडं अर्धं तिकडं केलंत की लागलीच घोळ.

आणखी एक, टेंप डिरेक्टरी जॉब संपला की साफ होते. म्हणजे एका जॉबमध्ये टेस्ट आणि दुसऱ्या जॉबमध्ये पब्लिश अशी मांडणी केली असेल तर फाइल आर्टिफॅक्ट म्हणून नेल्याशिवाय तिकडे पोचणारच नाही.

आता ते "आठशेपैकी दीडशेच" वालं प्रकरण. सोल्युशनमध्ये टेस्टचे सातआठ प्रोजेक्ट, सगळ्यांना एकच रिझल्ट फोल्डर, आणि कुणीतरी नीटनेटकं दिसावं म्हणून लॉगरला फाइलचं ठरावीक नाव दिलेलं, रिझल्ट्स डॉट टीआरएक्स. प्रत्येक प्रोजेक्ट तीच फाइल लिहितो, आधीच्याची पुसून. शेवटी जो प्रोजेक्ट संपला त्याचेच निकाल उरतात, आणि कुठला शेवटी संपेल ते पॅरललमुळे रोज बदलतं, म्हणून आकडा पण रोज वेगळा. लॉगरला लॉगफाइलनेमऐवजी लॉगफाइलप्रीफिक्स द्या, म्हणजे प्रत्येकाला वेगळं नाव मिळतं, किंवा नावाच्या भानगडीतच पडू नका, डिफॉल्ट नाव वेगळंच असतं. यात एकही एरर येत नाही, वॉर्निंगसुद्धा नाही म्हणण्यासारखी, म्हणून हा प्रकार महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही आणि सगळे दीडशे टेस्टचा पाय चार्ट बघून खूश असतात.

कव्हरेजकडे या. डॉटनेट टेस्टला कलेक्ट म्हणून 'एक्सप्लॅट कोड कव्हरेज' दिलं की कव्हरलेट (डॉटनेटचं कव्हरेज मोजणारं टूल) कामाला लागतं आणि रिझल्ट फोल्डरच्या आत एक लांबलचक गिचमिड नावाचं फोल्डर करून त्यात कव्हरेज डॉट कोबर्टुरा डॉट एक्सएमएल टाकतं. हे फोल्डरचं नाव दर रनला बदलतं, त्यामुळे पाथ हार्डकोड करता येत नाही, डबल स्टार लावूनच शोधावं लागतं. पण यासाठी प्रत्येक टेस्ट प्रोजेक्टमध्ये कव्हरलेट डॉट कलेक्टर हे पॅकेज हवं. नसेल तर लॉगमध्ये एक ओळ येते की या नावाचा डेटा कलेक्टर सापडला नाही, आणि टेस्ट मात्र आरामात पास होतात, बिल्ड हिरवा. ही ओळ शेकडो ओळींच्या गर्दीत कोण वाचतंय. लॉगमध्ये 'डेटा कलेक्टर' शोधून बघा, मिळाली तर तिथेच उत्तर आहे. आणि एक्सप्लॅट हा शब्द गाळून नुसतं 'कोड कव्हरेज' लिहिलंत तर मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा कलेक्टर चालतो, तो डिफॉल्टनं बायनरी फाइल लिहितो, एक्सएमएल नाही, मग कोबर्टुरा शोधणाऱ्याला काय मिळणार कपाळ. त्याला फॉरमॅट म्हणून कोबर्टुरा स्पष्ट सांगावं लागतं.

प्रोजेक्ट अनेक असले की कव्हरेजच्या फाइल्स पण अनेक. कव्हरेज पब्लिश करणाऱ्या टास्कची पहिली आवृत्ती यातली एकच फाइल घ्यायची, एकापेक्षा जास्त सापडल्या तर पहिली उचलून पुढे जायची. म्हणून लोक मध्ये रिपोर्टजनरेटर घालायचे, सगळ्या फाइल्स एकत्र करून एकच कोबर्टुरा काढायचे आणि ती द्यायचे. दुसऱ्या आवृत्तीत टास्क स्वतःच एकत्र करतो, पण तुमचा स्वतःचा एजंट असेल तर त्यावर डॉटनेट ७ किंवा त्यापुढचं असावं लागतं, आणि जुन्या आवृत्तीत कव्हरेज टूल कुठलं ते सांगायचा इनपुट होता तो यात नाही, तेव्हा नुसता एकाचा दोन केला आणि बाकी तसंच ठेवलं असं करू नका, इनपुट एकदा वाचून घ्या. मला विचाराल तर रिपोर्टजनरेटर अजूनही ठेवावा, कारण त्याचा एचटीएमएल वाचायला बरा असतो आणि कुठली क्लास वगळायची ते एका जागी सांगता येतं. जाताजाता, टीआरएक्स लॉगर आणि कव्हरेज दोन्ही चालू असलं की कव्हरेजच्या त्याच फाइलची एक प्रत 'इन' नावाच्या फोल्डरमध्ये पण सापडते. दोन दिसल्या म्हणून दचकू नका, एकत्र केल्या तरी टक्का बदलत नाही, नुसत्या हिट्स (ओळ किती वेळा चालली ते आकडे) दुप्पट होतात.

टेस्ट फेल झाल्या की रिपोर्टच गायब

रिपोर्टची गरज कधी असते, तर टेस्ट फेल होतात तेव्हा. आणि डिफॉल्ट वागणूक काय, तर आधीची स्टेप फेल झाली की पुढच्या सगळ्या स्किप. म्हणजे सगळं आलबेल असताना सुंदर रिपोर्ट आणि आग लागली की अंधार. अझ्युअरमध्ये पब्लिशच्या टास्कला सक्सीडेड-ऑर-फेल्ड ही कंडिशन लावा, ऑलवेज नको, कारण ऑलवेज म्हणजे कुणी बिल्ड कॅन्सल केला तरी ती स्टेप धावणार. गिटहब ॲक्शन्समध्ये तसंच, उद्गारचिन्ह लावून कॅन्सल्ड हे ऑलवेजपेक्षा बरं. गिटलॅबमध्ये आर्टिफॅक्ट्सखाली व्हेन ऑलवेज, आणि जेनकिन्सच्या डिक्लेरेटिव्ह पाइपलाइनमध्ये जेयुनिटची स्टेप पोस्टच्या ऑलवेज ब्लॉकमध्ये, स्टेजच्या स्टेप्समध्ये नाही.

याचा उलटा प्रकार जास्त वाईट, टेस्ट फेल आणि बिल्ड हिरवा. इथे नेहमीचे संशयित ठरलेले आहेत. एक म्हणजे टेस्टचा आउटपुट पाइप करून टी कमांडला दिलेला असतो, लॉग फाइल पण हवी म्हणून. पाइपचा एक्झिट कोड शेवटच्या कमांडचा, टी कधी फेल होत नाही, त्यामुळे शून्य. गिटहब ॲक्शन्समध्ये यात एक बारीक खोच आहे, शेल काहीच लिहिलं नसेल तर लिनक्सवर बॅश पाइपफेलशिवाय (पाइपमधली कुठलीही कमांड फेल झाली तर सगळं फेल धरणारं सेटिंग) चालतो, आणि शेल बॅश असं स्पष्ट लिहिलं तर पाइपफेलसकट. तीच बॅश, तीच कमांड, एका ओळीने वागणूक वेगळी. दुसरा संशयित मेव्हनमधला (जावाचं एक बिल्ड टूल) टेस्ट फेल्युअर इग्नोर, कुणीतरी रिलीजच्या रात्री लावलेला आणि तसाच राहिलेला. तिसरा म्हणजे अझ्युअरच्या पब्लिश टास्कमधलं 'टेस्ट फेल असतील तर टास्क फेल करा', जे डिफॉल्टनं बंद असतं. जेनकिन्सचं निराळंच, तिथे फेल टेस्ट सापडल्या की जेयुनिट स्टेप बिल्डला पिवळा म्हणजे अनस्टेबल करते, लाल नाही, आणि पुढचं डिप्लॉयमेंटचं स्क्रिप्ट अनस्टेबल तपासत नसेल तर कोड जातो पुढे निवांत.

जेनकिन्सवरची "नन ऑफ देम आर न्यू"

ही एरर बघून भलेभले गोंधळतात: टेस्ट रिपोर्ट्स सापडले पण त्यातला एकही नवीन नाही, 'डिड लीफनोड्स रन?' लीफनोड्स कोण हे विचारत बसू नका. जेनकिन्स फाइलची वेळ आणि बिल्ड सुरू झाल्याची वेळ ताडून बघतो, फाइल आधीची असेल तर मागच्या बिल्डची उरलेली समजतो. बहुतेकदा ती खरंच उरलेलीच असते, कारण ग्रेडलने (हेही जावाचं बिल्ड टूल) बघितलं की कोड बदललेला नाही, टेस्ट टास्क 'अप-टू-डेट' म्हणून सोडून दिला, नवीन एक्सएमएल लिहिलीच नाही. वर्कस्पेस साफ करा किंवा सीआयमध्ये टेस्ट टास्क पुन्हा चालवायला भाग पाडा. लोक उपाय म्हणून टच कमांड मारून फाइल्सच्या वेळा आजच्या करतात, एरर जाते, पण मग टेस्ट न चालताच हिरव्या दिसतात, म्हणजे रोग बरा, पेशंट गेला. टच फक्त तेव्हाच चालेल जेव्हा टेस्ट खरंच वगळायच्या आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरं कारण म्हणजे एजंटचं घड्याळ मागे असणं, व्हीएम सस्पेंड करून उठवली की होतं असं, एनटीपी (घड्याळ जुळवणारी सेवा) तपासा.

जावा: शून्य टक्क्यांचं मूळ बहुतेक वेळा एका ओळीत

जॅकोको (जावाचं कव्हरेज टूल) मेव्हनमध्ये कसं चालतं ते जरा समजून घेऊ, मग पुढचं आपोआप कळतं. जॅकोकोचं प्रिपेअर-एजंट नावाचं गोल (मेव्हनने करायचं एक काम) आर्गलाइन या प्रॉपर्टीमध्ये जावाएजंटची लांबलचक सेटिंग भरून ठेवतं, आणि शुअरफायर (मेव्हनचं टेस्ट चालवणारं प्लगइन) टेस्टसाठी नवीन जेव्हीएम (जावा ज्यात चालतो तो प्रोसेस) सुरू करताना ती प्रॉपर्टी उचलतो. बस, एवढाच दुवा आहे. आता कुणीतरी पॉममध्ये (मेव्हनच्या सेटिंग फाइलमध्ये) शुअरफायरच्या कॉन्फिगरेशनमध्ये मेमरी वाढवायला स्वतःची आर्गलाइन लिहिली, समजा मॅक्स हीप एक जीबी. झालं, जॅकोकोची प्रॉपर्टी गेली वाऱ्यावर, एजंट जोडलाच गेला नाही. टेस्ट पास, बिल्ड हिरवा, आणि लॉगमध्ये एक साधी माहितीवजा ओळ, 'स्किपिंग जॅकोको एक्झिक्युशन ड्यू टू मिसिंग एक्झिक्युशन डेटा फाइल'. एररसुद्धा नाही.

उपाय सोपा आहे, आपल्या आर्गलाइनच्या सुरुवातीला ॲट चिन्ह आणि महिरपी कंसात आर्गलाइन हे नाव लिहा, मग तुमचं हीपचं सेटिंग. डॉलर नाही, ॲट. डॉलर लावला तर मेव्हन ती किंमत सुरुवातीलाच बसवून टाकतो, तेव्हा जॅकोको चाललेलं पण नसतं, ॲट लावला की शुअरफायर टेस्ट चालवायच्या क्षणी किंमत बघतो. हे शुअरफायर २.१७ पासून आहे. एक अट, जॅकोको प्रोफाइलमध्ये असेल आणि ते प्रोफाइल बंद असेल तर ती प्रॉपर्टी कुणीच भरत नाही आणि जेव्हीएम सुरूच होत नाही, म्हणून पॉमच्या प्रॉपर्टीजमध्ये रिकामी आर्गलाइन ठेवून द्या. फोर्ककाउंट शून्य केला असेल तरी कव्हरेज येणार नाही, कारण नवीन जेव्हीएमच नाही तर एजंट जोडणार कुणाला.

यातून सुटलं की पुढचा दगड म्हणजे 'क्लासेस इन बंडल डू नो मॅच विथ एक्झिक्युशन डेटा'. जॅकोको प्रत्येक क्लास ओळखतो ती तिच्या बाइटकोडवरून काढलेल्या सीआरसी६४ आकड्याने, नावाने नाही. टेस्ट एका स्टेजमध्ये चालल्या, आणि रिपोर्टच्या स्टेजमध्ये कोड पुन्हा कंपाइल झाला, तोही थोड्या वेगळ्या जेडीकेवर, की आकडे जुळत नाहीत आणि त्या क्लास सगळ्या शून्य. रिपोर्टसाठी पुन्हा कंपाइल करू नका, टार्गेटमधलं क्लासेस फोल्डर एक्झेक फाइलसोबतच (जॅकोकोने मोजलेला डेटा असलेली फाइल) आर्टिफॅक्ट म्हणून पुढे न्या. पॉवरमॉकसारखं काहीतरी क्लास बदलून लोड करत असेल तरी हेच होतं.

मल्टिमॉड्यूल प्रोजेक्टमध्ये कोअर मॉड्यूलचं कव्हरेज कमी आणि सगळ्या इंटिग्रेशन टेस्ट दुसऱ्या मॉड्यूलमध्ये, असं असेल तर साधा रिपोर्ट गोल स्वतःच्या मॉड्यूलपुरतंच बघतो. रिपोर्ट-अ‍ॅग्रिगेट वापरा आणि त्यासाठी एक वेगळं मॉड्यूल करा ज्याच्या डिपेंडन्सीत बाकी सगळी आहेत.

आणि ॲप डॉकर कंटेनरमध्ये चालवून बाहेरून टेस्ट मारत असाल तर हे वाचाच. जॅकोको एक्झेक फाइल लिहितो जेव्हीएम बंद होताना. डॉकर स्टॉप आधी नम्रपणे टर्म सिग्नल पाठवतो, डिफॉल्ट दहा सेकंद थांबतो, मग किल. कंटेनरमधला पहिला प्रोसेस जर एखादी शेल स्क्रिप्ट असेल आणि तिने जावा साध्या कमांडने सुरू केलं असेल, तर टर्म सिग्नल स्क्रिप्टला मिळतो, ती तो पुढे देत नाही, जावाला काहीच कळत नाही आणि दहा सेकंदांनी किल. फाइल नाही, किंवा शून्य बाइट. स्क्रिप्टमध्ये जावाच्या आधी एक्झेक हा शब्द टाका, मग जावाच पहिला प्रोसेस होतो आणि शांतपणे मरतो. स्टॉपला बरोबर दहा सेकंद लागतायत असं दिसलं तर समजून जा हीच भानगड आहे.

पायथन आणि पाथचा गोंधळ

पायथनमध्ये फाइल बहुतेकदा असते, पण आतले पाथ चुकीचे. टेस्ट कंटेनरमध्ये चालतात, कोड तिथे स्लॅश-ॲप फोल्डरमध्ये, कव्हरेज डॉट पाय तेच पाथ आपल्या डेटा फाइलमध्ये लिहितो, आणि रिपोर्ट बाहेर एजंटवर काढायला गेलं की 'नो सोर्स फॉर कोड'. कॉन्फिगमध्ये रन सेक्शनखाली रिलेटिव्ह फाइल्स ट्रू करा, तेवढ्याने बऱ्याच वेळा भागतं. वेगवेगळ्या मशीनवरचा डेटा कम्बाइन करायचा असेल तर पाथ्स सेक्शन लिहा, त्यात पहिला पाथ खरा आणि खाली त्याची उर्फ नावं. पॅरलल जॉब असतील तर प्रत्येकाची डेटा फाइल वेगळ्या नावाची असू दे आणि शेवटी एकदा कम्बाइन, नाहीतर सगळे एकमेकांची फाइल पुसत बसतात.

इथेच गिटहब ॲक्शन्सवर अनेकांना एक फटका बसला. कव्हरेजच्या डेटा फाइलचं नाव टिंबाने सुरू होतं, म्हणजे ती हिडन फाइल. सप्टेंबर २०२४ मध्ये अपलोड-आर्टिफॅक्टच्या ४.४ आवृत्तीपासून हिडन फाइल्स डिफॉल्टनं वगळायला सुरुवात झाली, सिक्युरिटीसाठी, कारण लोक नकळत गुप्त माहितीच्या फाइल्स पण वर टाकत होते. यॅमलमध्ये काहीही न बदलता ज्यांच्या पाइपलाइन एके दिवशी 'नो फाइल्स वेअर फाउंड' म्हणायला लागल्या त्यांचं कारण हे. इन्क्लूड हिडन फाइल्स ट्रू लिहा. शिवाय चौथ्या आवृत्तीपासून मॅट्रिक्समधल्या (तोच जॉब वेगवेगळ्या व्हर्जनवर चालवणाऱ्या मांडणीतल्या) सगळ्या जॉबनी एकाच नावाने आर्टिफॅक्ट टाकलेलं चालत नाही, नावात पायथनचा व्हर्जन किंवा ओएस घाला आणि उतरवताना पॅटर्नने सगळे एकत्र घ्या.

गिटलॅबवाल्यांसाठी एवढंच की तिथे कव्हरेज या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकच समजतात. टक्क्याचा जो आकडा दिसतो तो जॉबच्या लॉगमधून रेजेक्सने (मजकूर शोधायच्या पॅटर्नने) उचललेला असतो, आणि मर्ज रिक्वेस्टच्या डिफमध्ये ओळींशेजारी हिरव्या-लाल रेघा येतात त्या कोबर्टुरा एक्सएमएलमधून. एक आलं म्हणून दुसरं येत नाही. आकडा येत नसेल तर टूल रंगीत आउटपुट देतंय का बघा, रंगाचे अदृश्य कोड मध्ये घुसले की रेजेक्स जुळत नाही. रेघा येत नसतील तर एक्सएमएल उघडून सोर्स टॅगमधला पाथ आणि फाइलनेम जोडून बघा, रेपोच्या मुळापासून तीच फाइल मिळते का. मिळत नसेल तर रेघा येणारच नाहीत, आणि तक्रारही कुठे दिसणार नाही.

जेस्टबद्दल (जावास्क्रिप्टचं टेस्ट टूल) थोडक्यात. डिफॉल्ट रिपोर्टरमध्ये कोबर्टुरा नाही, तो यादीत घालावा लागतो. मोनोरेपो (एकाच रेपोत अनेक पॅकेज) असेल तर प्रत्येक पॅकेजच्या रिपोर्टला वेगळा पाथ द्या.

आकडा अचानक पडला किंवा दोन ठिकाणी वेगळा दिसतो

दरवेळी बिघाडच असतो असं नाही. जेस्टमध्ये ज्या फाइल्स कुठल्याच टेस्टने इम्पोर्ट केल्या नाहीत त्या कव्हरेजमध्ये मोजल्याच जात नाहीत, कलेक्ट कव्हरेज फ्रॉम हे सेटिंग लावलं की मोजायला लागतात आणि टक्का कोसळतो. कोसळला नाही, आधीचा फुगवलेला होता. मॅनेजरला हे समजावणं ही वेगळीच लढाई आहे, त्यासाठी शुभेच्छा.

सोनारचा (कोडचा दर्जा तपासणारं टूल) आकडा आणि जॅकोकोचा आकडा जुळत नाही ही पण कायमची तक्रार. सोनार ओळी आणि कंडिशन्स दोन्ही एकत्र धरून एकच टक्का काढतो, जॅकोको लाइन आणि ब्रँच वेगवेगळे दाखवतो, तेव्हा फरक राहणारच. मात्र सोनारवर शून्यच असेल तर ती वेगळी गोष्ट, सोनार स्वतः टेस्ट चालवत नाही, त्याला जॅकोकोच्या एक्सएमएलचा पाथ द्यावा लागतो, एक्झेक फाइलचा नाही, आणि जॅकोकोचा रिपोर्ट स्कॅनच्या आधी झालेला असला पाहिजे. क्रम उलटा असलेल्या पाइपलाइन कमी नाहीत.

बाहेरच्या सर्व्हिसवर कव्हरेज पाठवत असाल तर फोर्कमधून आलेल्या पुल रिक्वेस्टला सीक्रेट्स मिळत नाहीत, म्हणून अपलोड फेल होतो, ते बरोबरच आहे, सीक्रेट उघडं करून तो प्रश्न सोडवू नका. २०२१ मध्ये कोडकोव्हच्या (अशीच एक कव्हरेजची सर्व्हिस) बॅश अपलोडर स्क्रिप्टमध्ये कुणीतरी फेरफार केला होता, जानेवारीच्या शेवटी, आणि ते कळलं एप्रिलमध्ये. तेवढे दिवस ज्या ज्या सीआयने ती स्क्रिप्ट थेट उतरवून चालवली तिथले एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स बाहेर जाण्याची सोय झालेली होती. म्हणून नेटवरून स्क्रिप्ट ओढून सरळ बॅशमध्ये ओतणं बंद, आवृत्ती पिन करा, चेकसम तपासा.

पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, तर फाइल नसणं हीच एरर ठरवा. हे सगळे प्रकार इतके दिवस लपून राहतात कारण बहुतेक टूल्स फाइल सापडली नाही तर नुसती वॉर्निंग देऊन पुढे जातात. गिटहबच्या अपलोड-आर्टिफॅक्टमध्ये फाइल न सापडल्यास काय करायचं ते वॉर्नवरून एररवर न्या. अझ्युअरच्या पब्लिश टास्कमध्ये रिझल्ट फाइल नसेल तर फेल करा असा पर्याय आहे, तो चालू करा. जेनकिन्सची जेयुनिट स्टेप मुळातच कडक आहे, फाइल नसेल तर बिल्ड पाडते, पण कुणीतरी वैतागून अलाउ एम्प्टी रिझल्ट्स ट्रू करून ठेवलेलं असतं, ते काढा. गिटलॅबमध्ये आर्टिफॅक्ट नसला तरी जॉब पास होतो, तिथे स्क्रिप्टच्या शेवटी फाइल आहे का आणि रिकामी नाही ना, एवढी एक ओळीची तपासणी स्वतः घाला.

मग एक ब्रँच काढा आणि दोन टेस्ट मुद्दाम पाडा, वेगवेगळ्या प्रोजेक्टमधल्या किंवा मॉड्यूलमधल्या. बिल्ड लाल झाला का, टॅबवर त्या दोन्ही टेस्टची नावं आणि असर्शनचा मेसेज वाचता येतोय का, एकूण संख्या लोकलवर चालवल्यावर येते तेवढीच आहे का, आणि कव्हरेजमध्ये एखादी फाइल उघडून क्लिक केल्यावर कोड दिसतो की नुसतं नाव, हे बघा. त्यानंतर टेस्टची कमांडच कमेंट करून अजून एक पुश मारा. हा बिल्ड पण लाल झाला पाहिजे. हिरवा आला तर वरची फाइलवाली तपासणी अजून कुठेतरी सुटलीये.